चाकांची पाठचिकित्सा

जुनी गाडी पूर्ववत करण्याच्या छंदात इंजिनाविषयी खूप बोलले जाते, रंगाविषयी त्याहून अधिक, आणि चाकांविषयी सर्वांत कमी. चाक गोल असते, फिरते, त्यात निरखण्यासारखे ते काय, असा एकूण समज. वास्तविक गाडीच्या अंगावर चाकाइतका चंचल भाग दुसरा नाही. इंजिन उतरवायचे तर साखळी-कप्पी लागते आणि दोन दिवस मोडतात. चाक मात्र पाच नट सोडले की दहा मिनिटांत हातात येते आणि त्याच मापाच्या दुसऱ्या गाडीला तितक्याच मुकाट्याने बसते. म्हणून साठ-सत्तर वर्षे राबलेल्या गाडीखाली आज जी चाके दिसतात ती तिचीच असतील असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

आमच्या एका स्नेह्यांकडील युद्धकालीन जीपच्या निमित्ताने आम्हांस या विषयात शिरावे लागले. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असे त्यांनी ठरवले होते. पत्रा, रंग, दिवे यांचा निर्णय झाला आणि गाडे चाकांपाशी अडले. चाके पाच: चार जमिनीवर, एक मागे स्टेपनी म्हणून. त्यांपैकी तीन एका जातीची, चौथे त्यांच्यासारखेच दिसणारे पण जरा फारच नीटनेटके, आणि पाचवे अगदी निराळे. यांतली मूळ कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. तो सोडवता सोडवता 'मूळ' या शब्दाचाच पुनर्विचार करावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एका शंकेचे निरसन. जीपला ट्रक म्हणावे काय? अमेरिकन सैन्याच्या दफ्तरात तिचे नाव ट्रक असेच आहे: पाव टनी, चारही चाकांना गती असलेला ट्रक. 'जीप' हे बोलीतले नाव. सुट्या भागांच्या सरकारी सूचीत तिचा गट 'जी-५०३' हा, पाऊण टनी डॉजचा 'जी-५०२' आणि अडीच टनी जीएमसीचा 'जी-५०८'. म्हणजे लष्कराच्या लेखी ही एकाच कुटुंबातली थोरली-धाकटी भावंडे. त्यांतले हे शेंडेफळ आपल्याकडे अधिक परिचयाचे, म्हणून उदाहरणादाखल तेच घेतो.

१९४० च्या सप्टेंबरात बँटम कंपनीने पहिला नमुना सैन्यापुढे ठेवला. नोव्हेंबरात विलीज आणि फोर्ड यांचे नमुने आले. १९४१ मध्ये मोठ्या संख्येचे काम विलीजला मिळाले. एका कारखान्याने गरज भागेना, म्हणून विलीजच्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवण्याचे काम त्याच वर्षअखेरीस फोर्डलाही देण्यात आले. विलीजच्या गाडीचे नाव एम.बी., फोर्डच्या गाडीचे जी.पी.डब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बाहेर पडल्या. या करारातली एक अट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. दोन्ही कारखान्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत, ही ती अट. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी करता यावी, हा हेतू. तो पुरेपूर सफल झाला, आणि म्हणूनच आज कोणता भाग कोणत्या गाडीचा हे सांगणे दुरापास्त झाले.

आता चाक. आरंभीच्या एम.बी. गाड्यांना पत्र्याची एकसंध तबकडी आणि तिला जोडलेली रिम अशी साधी चाके होती. रिमचा व्यास १६ इंच, रुंदी ४ इंच. १९४२ च्या सुमारास त्यांची जागा 'कॉम्बॅट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाकांनी घेतली. व्यास तोच, रुंदी साडेचार इंच. मुख्य फरक असा, की हे चाक दोन भागांचे असते आणि ते भाग आठ बोल्ट-नटांनी एकत्र आवळलेले असतात. आत, टायरच्या दोन कडांच्या मध्ये, एक पोलादी कडे बसते. त्याच्या दाबाने टायरच्या कडा रिमला घट्ट धरल्या जातात. साध्या चाकावर हवा गेली की टायरची कड जागा सोडते आणि टायर रिमवरून सुटू लागतो. या चाकावर हवा गेली तरी टायर जागचा हलत नाही आणि गाडी तशीच रेटून आडोशाला नेता येते. शिवाय नट सोडले की चाक उलगडते, त्यामुळे पहारीने टायर उचकटण्याची झटापट वाचते. गोळीबाराच्या टप्प्यात पंक्चर काढण्याची वेळ येते तेव्हा या सोयीचे मोल कळते.

ओळख पटवण्याची पहिली पायरी गाडीची जन्मतारीख. फोर्डच्या गाडीचा क्रमांक डाव्या बाजूच्या पुढच्या तुळईवर वरून ठोकलेला असतो. विलीजचा क्रमांक डाव्या तुळईच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. समोरच्या कप्प्याच्या झाकणावर माहितीच्या पट्ट्या असतात, आणि नशिबाने त्या शाबूत असल्या तर गाडी सैन्याच्या हवाली केल्याची तारीखही मिळते. आमच्या स्नेह्यांची गाडी फोर्डची, १९४३ ची निघाली. म्हणजे कारखान्यातून ती कॉम्बॅट चाकांवरच बाहेर पडली असणार.

दुसरी पायरी मोजमाप, आणि येथे नवखे हमखास फसतात. रिमची रुंदी बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजायची नसते. टायरची कड जेथे टेकते त्या जागांमधले अंतर म्हणजे रुंदी, आणि व्यासही तेथलाच. त्यामुळे टायर उतरवल्यावाचून खात्रीचे माप मिळत नाही. पाऊण टनी डॉजलाही १६ इंचीच दोन भागांची चाके होती. पण त्यांवर ९.००-१६ मापाचे टायर चढत आणि रिमची रुंदी साडेसहा इंच. जीपचा टायर ६.००-१६. भंगारात पडलेले डॉजचे चाक छायाचित्रात जीपचे वाटू शकते. हातात घेतल्यावर तसा भ्रम राहत नाही.

तिसरी पायरी भोके आणि आटे. जीपच्या चाकाला पाच स्टड, साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर. युद्धानंतरच्या नागरी जीपगाड्यांनीही हेच माप पुढे चालवले. आट्यांची गंमत वेगळी. डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात, म्हणजे उजवीकडे फिरवले की नट सुटतो. चाकाच्या फिरण्याने नट ढिले होऊ नयेत म्हणून ही योजना. ती ठाऊक नसलेल्या फिटरांनी लांब पान्याने जोर लावून किती स्टड मोडले असतील याची गणती नाही. पण ध्यानात ठेवायचे ते असे, की हे आटे हबवर आहेत, चाकावर नाहीत. ते हबची साक्ष देतात. चाक कोठले, याविषयी ते मौन पाळतात.

चौथी पायरी ठसे. फोर्डला आपल्या मालावर खूण करण्याची भारी हौस. जी.पी.डब्ल्यू.च्या बोल्टांच्या माथ्यांवरदेखील वळणदार 'एफ' हे अक्षर आढळते. चाके मात्र केल्सी-हेजसारखे बाहेरचे कारखाने पुरवीत, तेव्हा तेथे निर्मात्याचा आणि मापाचा ठसा शोधायचा. तो गंजाखाली, रंगाखाली असतो, आणि खरवडताना हात जड पडला तर पुरावाच नाहीसा होतो. या कामात खरकागद हलक्या हाताने चालवावा लागतो. एकेक थर उलगडत जातो: वरचा दुकानातला काळा, त्याखाली चंदेरी, त्याखाली कोणता तरी हिरवा, आणि सर्वांत तळाशी लष्करी शेवाळी.

या पायऱ्या चढून झाल्यावर आमच्यापुढे पुढील चित्र उभे राहिले. पहिली तीन चाके युद्धकालीन कॉम्बॅट चाके होती, यात शंका उरली नाही. चौथे अलीकडच्या काळात बनवलेली नक्कल होती: ठसा नाही, आतल्या बाजूस गंजाचे व्रण नाहीत, तळाशी शेवाळी थरही नाही. पाचवे एकसंध तबकडीचे. ते पाहून क्षणभर आमचे डोळे चमकले, कारण आरंभीच्या एम.बी.चे दुर्मीळ चाक असेच दिसते. पण टायर उतरवून मोजले तर रुंदी साडेचार इंच भरली. म्हणजे ते युद्धोत्तर नागरी जीपचे चाक. शिवाय त्याच्या तबकडीला तडा जाऊन वेल्डिंगचे ठिगळ लागले होते.

निकाल सोपा दिसत होता. तीन मूळ चाके ठेवावीत, नक्कल आणि ठिगळाचे चाक टाकून द्यावे, दोन जुनी कॉम्बॅट चाके मिळवून संच पुरा करावा. स्नेह्यांचाही तोच विचार होता. तथापि एक प्रश्न पाठ सोडीना. ती तीन चाके युद्धकालीन आहेत हे खरे, पण ती याच गाडीची आहेत कशावरून?

याचे उत्तर गाडीत नव्हते, युद्धानंतरच्या इतिहासात होते. लढाई संपल्यावर या गाड्या हजारोंच्या संख्येने लष्करी कारखान्यांत गेल्या. पॅसिफिकच्या बेटांवर विखुरलेली वाहने गोळा करून जपानमध्ये त्यांची पुनर्बांधणी झाली. फ्रान्सच्या सैन्याने पॅरिसजवळच्या ला माल्तुर्ने येथे जीपगाड्या पार सुट्या करून पुन्हा जोडल्या. तेथे विलीजचा सांगाडा, फोर्डचा पत्रा आणि तिसऱ्याच गाडीचे इंजिन एकत्र येणे नित्याचे होते. त्या कामगारांना गाडी चालू करायची होती, तिची वंशावळ जपायची नव्हती.

आपल्याकडेही निराळे घडले नाही. युद्धातला शिल्लक माल लिलावात निघाला आणि जीपगाड्या शेतमालक, कंत्राटदार, शिकारी आणि सरकारी खाती यांच्याकडे पांगल्या. 'दुरुस्त करून नव्यासारखी' या शब्दप्रयोगावर किती विसंबावे, याचा धडा तर स्वतंत्र भारताला पहिल्याच वर्षांत मिळाला. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमार्फत जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सौदा झाला. ज्या १५५ गाड्या येऊन पोहोचल्या त्या वापरण्याजोग्या नाहीत असे ठरले. संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने १९५५ मध्ये ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. पुढे १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगाव येथे आयात भागांतून जीपची जुळणी सुरू केली. पाच भोकांचे, त्याच वर्तुळाचे चाक आता बाजारात सहज मिळू लागले. फुटलेल्या कॉम्बॅट चाकाच्या जागी साधे चाक बसवणे हाच त्यानंतर शहाणपणा ठरला.

मागे टांगलेल्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, त्या शब्दाची कहाणीही अशीच आहे. वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये सुटे चाक विकण्यास सुरुवात केली. ते पंक्चर झालेल्या चाकावर बाजूने अडकवायचे, बिनआऱ्यांचे चाक होते. ती वस्तू कधीच लोप पावली. त्या रस्त्याचे नाव मात्र आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिले, आणि वेगळ्याच वस्तूला चिकटले. 'मूळ स्टेपनी' शोधायची म्हटली तर जीपच्या पाठीवर टांगलेले कोणतेच चाक त्या कसोटीस उतरणार नाही.

तेव्हा तीन चाके एकसारखी आहेत एवढ्यावरून ती एकाच गाडीची ठरत नाहीत. कोण्या डेपोतल्या ढिगातून ती तीन निरनिराळ्या गाड्यांची उचललेली असू शकतात. उलट, अदलाबदलीच्या काळात जुना साठा संपेपर्यंत जुने आणि नवे भाग शेजारी शेजारी लावणे कोणत्याही कारखान्याला वर्ज्य नसते, म्हणून कारखान्यातून निघालेली गाडीही सर्वांगी एकजिनसी असेलच असे नाही. सारखेपणा डोळ्यांना सुखावतो, पण तो मूळपणाचा पुरावा होत नाही. प्रदर्शनांतून जे पाचही चाकांचे जुळलेले संच मिरवले जातात, त्यांतले बहुतेक आजच्या मालकांनी जुळवलेले असतात. ते जुळवणे गैर नाही. मात्र तेच मूळ होते असे म्हणणे गैर आहे.

येथे आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून निधनापर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, विष्णु सीताराम सुकथणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. त्यांच्यापुढची अडचण, विषयांचे अंतर सोडले तर, हीच होती. हस्तलिखिते शेकडो, आणि ती परस्परांत मिसळलेली. एका प्रांताच्या पोथीतले श्लोक दुसऱ्या प्रांताच्या पोथीत शिरलेले. सुकथणकरांनी व्यासांचा मूळ ग्रंथ सापडल्याचा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जुने रूप सिद्ध करणे, एवढीच प्रतिज्ञा त्यांनी केली. जेथे पाठ संशयास्पद तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. आणि जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते फेकून दिले नाहीत. लहान असले तर तळटीपांत तारांकित करून, मोठे असले तर परिशिष्टात, पण छापले. आपला निर्णय पुढच्या अभ्यासकाला तपासता यावा, ही त्यामागची सचोटी.

लोखंडाच्या बाबतीत ही सचोटी क्वचितच दिसते. नको असलेला भाग भंगारात जातो आणि निर्णय तपासण्याची वाटच बुजते.

यावर आक्षेप असा, की चाक म्हणजे पोथी नव्हे. त्यावर माणसांचे जीव असतात. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मूळ चाकांच्या हट्टापुढे एक लक्ष्मणरेषा आखली पाहिजे. कॉम्बॅट चाकाचे आठ नट हवा पूर्ण काढल्याविना सैल केले तर आतल्या हवेचा दाब दोन्ही भाग उधळून लावतो. मोठ्या ट्रकांच्या अनेक तुकड्यांच्या रिमांनी असे कित्येक बळी घेतले. अमेरिकेत १९८० मध्ये अशा रिमांच्या हाताळणीसाठी खास नियम करावे लागले. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, वेगवेगळ्या बनावटीचे तुकडे एकत्र जोडू नयेत, तडा गेलेला भाग वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, ही त्यांतली मुख्य कलमे. जुळणारा संच करण्याच्या नादात इकडचा अर्धा भाग आणि तिकडचा अर्धा भाग एकत्र आवळणारे हौशी लोक नेमके हेच विसरतात. ज्या चाकाची कड गंजून कागदासारखी झाली आहे ते कितीही अस्सल असले तरी रस्त्यावर आणू नये. अस्सलपणाने पोलादाला बळ येत नाही.

आमच्या पाचव्या चाकाचा निकाल या कलमाने लागलाच होता. ठिगळाचे चाक गाडीला लावायचे नाही, हे निश्चित. प्रश्न उरला तो ते टाकायचे की ठेवायचे, एवढाच.

याच सुमारास स्नेह्यांना त्यांच्या वडिलांच्या खर्चाच्या वह्या सापडल्या. गाडी वडिलांनीच घेतलेली. वह्यांत डिझेल-पेट्रोल, बियाणे, मजुरी यांच्या जोडीने १९७१ च्या एका पानावर दोन ओळी होत्या: जुन्या बाजारातून चाक एक, आणि काही महिन्यांनी त्याच चाकाला वेल्डिंग. रकमाही होत्या. बाकीच्या चार चाकांविषयी त्या वह्यांत एक अक्षर नव्हते.

म्हणजे ज्या चाकाला आम्ही परके ठरवले होते, त्या एकट्याचाच इतिहास लेखी स्वरूपात उपलब्ध होता. ते कधी आले, कोठून आले, किती रुपयांना आले, कधी तडकले, हे सारे सांगता येत होते. अस्सल म्हणून गौरवलेल्या तीन चाकांचा १९४३ ते १९७१ या काळातला एकही दिवस आम्हांस ठाऊक नव्हता. ही गाडी सैन्यात फार तर काही वर्षे राबली असेल. आपल्या मातीत ती त्यानंतर अनेक दशके धावली. ती दशके पुसून टाकून तिला १९४३ च्या एका सकाळी नेऊन उभी करणे, याला पूर्ववत करणे म्हणावे काय? 'पूर्व' कोठवर न्यायचे, हे कोणी तरी ठरवावे लागते, आणि ठरवणाऱ्याने आपण ते ठरवले आहे हे मान्य करावे लागते.

शेवटी ठरले ते असे. तीन युद्धकालीन चाके तडे तपासून, नवे बोल्ट घालून गाडीला लावली. चौथी नक्कलही लावली, कारण ती मजबूत आहे. मात्र तिच्या आतल्या बाजूस ती कधी बसवली त्याचे वर्ष ठोकून घेतले, म्हणजे पन्नास वर्षांनी ती खरवडणाऱ्याची फसगत होणार नाही. आमची नागमोडी रेघ ती हीच. स्टेपनीच्या जागेसाठी एक कॉम्बॅट चाक मिळवले आणि ते कोठून आले याची नोंद गाडीच्या वहीत केली. ठिगळाचे चाक न खरवडता, न रंगवता गॅरेजच्या भिंतीवर टांगले आणि त्याखाली १९७१ च्या त्या पानाची प्रत लावली.

गाडी पाहायला येणारे जाणकार खाली वाकून चाकांचे ठसे वाचतात आणि समाधानाने मान हलवतात. भिंतीवरच्या चाकाकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. स्नेह्यांच्या मातोश्री मात्र गॅरेजात आल्या की प्रथम तेच पाहतात. चाक तडकले त्या दिवशी त्या गाडीत होत्या.